खोट्याचा खेळ आणि खरी चिठ्ठी

शनिवारी इशाची नमाज झाली की आमच्या घरात खोटं बोलायला सुरुवात होते. वाचकहो, दचकू नका. हे खोटं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, मोठ्यानं वाचून दाखवलं जातं आणि पाच मिनिटांत सर्वांदेखत उघडं पाडलं जातं. शेजारचे मास्तर, त्यांच्या घरच्या वहिनी, त्यांची नात, आमचे बँकेतले एक दोस्त आणि आमच्या घरची पाच माणसं एवढी मंडळी सतरंजीवर गोल करून बसतात. मध्ये भज्यांची परात, चहाची किटली आणि एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात कागदाच्या चिठ्ठ्या. खेळाचं नाव आमच्या धाकट्यानं ठेवलंय, ‘थापेबाजी’.

हा खेळ आमच्या घरी आला तो परदेशातून. आमचा भाचा टोरांटोला असतो. एका ईदला आला तेव्हा मुलांसाठी एक खोका घेऊन आला. त्यावर नाव होतं ‘बाल्डरडॅश’. भाच्यानं सांगितलं की हा खेळ कॅनडाचाच. लॉरा रॉबिन्सन आणि पॉल टॉइन या दोघांनी 1984 साली तो बाजारात आणला. त्याच्या आधीही हा खेळ घरोघरी नुसता शब्दकोश घेऊन खेळला जायचा. बीबीसीवर तर 1965 पासून ‘कॉल माय ब्लफ’ नावाचा अशाच धाटणीचा कार्यक्रम चालायचा. एकानं शब्दकोशातून कुणालाच माहीत नसलेला शब्द काढायचा. बाकीच्यांनी त्याचा खरा वाटेल असा खोटा अर्थ लिहायचा. खऱ्या अर्थाची चिठ्ठी त्यात मिसळायची, सगळ्या वाचायच्या आणि खरी कुठली ते ओळखायचं.

पण खोक्यातले इंग्रजी शब्द असे की अर्थ सोडाच, उच्चार करतानाच आमची दातखीळ बसायची. एकदोन शनिवार रेटले आणि खोका कपाटावर गेला. खोक्यातल्या पत्त्यांवर मात्र शब्दांबरोबर सिनेमांची नावंही होती. नाव वाचून सिनेमाची गोष्ट रचायची. थोरलीनं ते हेरलं. ती म्हणाली, “अब्बा, इंग्रजी सिनेमे कशाला? आपल्याकडे काय कमी आहेत?” त्या दिवसापासून आम्ही जुने हिंदी आणि मराठी सिनेमे घेतो. ज्याची पाळी असेल त्यानं एक सिनेमा निवडायचा, त्याची खरी गोष्ट चार ओळींत लिहायची. बाकीच्यांनी नुसत्या नावावरून आपापली गोष्ट रचायची. खरी ओळखणाऱ्याला दोन गुण. आपल्या थापेला जितकी मतं पडतील तितके गुण आपल्याला. खरी गोष्ट कुणालाच ओळखता आली नाही, तर पाळीवाल्याला तीन.

आणि एक नियम फार महत्त्वाचा. सिनेमा ज्याला आधीच माहीत असेल त्यानं हात वर करायचा. त्यानं थाप लिहावी, पण मत देऊ नये. हा नियम पाळला जातो की नाही हे तपासायचा काही मार्ग नाही. माणसानं गुपचूप हात खालीच ठेवला तर कुणाला कळणार? आम्हाला या खेळातली ही गंमत हळूहळू उमगली. खोटं रचण्याचा हा खेळ खरं बोलणाऱ्या माणसांशिवाय चालतच नाही.

सुरुवातीला अम्मींना हे पसंत नव्हतं. तसबीह हातात घेऊन त्या खाटेवर बसायच्या आणि आमचा गोंधळ ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, “झूट बोलके हसाना अच्छा नै बाबा.” त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लोकांना हसवण्यासाठी खोटं बोलणाऱ्याला पैगंबरांनी (स.) कडक शब्दांत बजावलं आहे, ही हदीस आम्हीही लहानपणापासून ऐकत आलोय. पैगंबर (स.) स्वतः थट्टा करत, पण त्या थट्टेतही खोटं नसे. एकानं त्यांच्याकडे सवारीसाठी जनावर मागितलं. ते म्हणाले, तुला उंटिणीचं पिलू देतो. तो गडबडला, पिलाचं मी काय करू? तेव्हा त्यांनी विचारलं की उंट कुणाच्या पोटी जन्मतो, उंटिणीच्याच ना? थट्टा झाली, माणूस हसला आणि शब्द एकही खोटा नव्हता.

त्या रात्री आम्ही, बेगम आणि थोरली यांनी यावर बराच खल केला. गोष्ट रचणं आणि खोटं बोलणं यात फरक काय? आमच्यापुरतं आम्हाला असं वाटलं की फरक ऐकणाऱ्याच्या माहितीत आहे. समोरच्याला ठाऊक आहे की हे रचलेलं आहे, आणि लगेच त्याला खरं काय तेही सांगितलं जाणार आहे, तर तिथं फसवणूक राहत नाही. तरीही आम्ही काही बंधनं घालून घेतली. चिठ्ठीतली थाप चिठ्ठीतच राहील. तोंडानं ‘खुदा की कसम, हेच खरं’ असं कुणी म्हणणार नाही. कुणा जिवंत माणसाची बदनामी होईल असं लिहायचं नाही. दीनच्या गोष्टी खेळात आणायच्या नाहीत. आणि डाव संपला की खरी गोष्ट पूर्ण सांगितल्याशिवाय कुणी उठायचं नाही. हा निवाडा आमच्या घरापुरता आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी जाणकारांना विचारावं.

अम्मींनी सगळं ऐकून घेतलं आणि आपला मार्ग काढला. म्हणाल्या, “लिखना तुमारा काम. मैं सच ढूंढेगी.” तेव्हापासून त्या चिठ्ठी लिहीत नाहीत, फक्त मत देतात.

आता एकदोन डावांची हकीकत सांगतो, म्हणजे खेळ कसा रंगतो ते कळेल.

आमच्या पाळीला आम्ही काढला ‘दो आँखें बारह हाथ’. मोठ्यांचे हात झटकन वर गेले. मतं उरली फक्त पोरांची. धाकट्यानं लिहिलं की जंगलात एक राक्षस राहतो, त्याला डोळे दोनच, पण हात बारा. मास्तरांची चिठ्ठी अशी होती: ‘इचलकरंजीत सहा विणकर भाऊ. पाच जण जन्मांध. डोळस एकटा थोरला. त्या दोन डोळ्यांच्या भरवशावर बारा हात माग चालवतात.’ तिन्ही पोरांनी डोळे झाकून मास्तरांना मत दिलं! कारण हिशेब चोख होता. सहा माणसांचे बारा हात, एकाचे दोन डोळे. शिवाय इचलकरंजी म्हणजे मागांचं गाव, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत.

खरी गोष्ट व्ही. शांताराम यांच्या 1957 च्या चित्रपटाची. एक जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर काढतो, उघड्या माळावर नेतो आणि बेड्या न घालता, विश्वासावर त्यांच्याकडून शेती करवून घेतो. पोरं म्हणाली, हे तर मास्तरांच्या थापेपेक्षाही न पटणारं आहे. मग थोरलीनं शोधून सांगितलं की या गोष्टीला आधार आहे आणि तो आमच्याच सांगली जिल्ह्यात आहे. जुन्या औंध संस्थानात आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली, तिचं नाव स्वतंत्रपूर. आटपाडीला आम्ही दहा वेळा गेलो असू. ही गोष्ट आम्हाला एका थापेच्या खेळातून कळली.

दुसऱ्या एका शनिवारी बँकवाल्या दोस्तांनी ‘गरम हवा’ काढला. मास्तरांच्या नातीनं कूलर विकणाऱ्या माणसाची गोष्ट लिहिली, पावसाळा लवकर येतो आणि त्याचं दिवाळं निघतं. सगळे पोट धरून हसले. मग दोस्तांनी खरी गोष्ट सांगितली. एम. एस. सथ्यू यांचा हा चित्रपट. फाळणीनंतरचं आग्रा. चपला-बुटांचा कारखाना असलेले सलीम मिर्झा. बलराज साहनींनी केलेली ती भूमिका. एकेक नातेवाईक सरहद्दीपलीकडे निघून जातो. राहती हवेली हातची जाते आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईला ती सोडवत नाही. हसणं आपोआप थांबलं. अम्मींनी तसबीह बाजूला ठेवून विचारलं, “फिर वो बुढ्ढी का क्या हुआ?” दोस्तांनी सांगितलं की शेवटच्या घटकेला तिला पालखीत घालून त्याच हवेलीत नेतात आणि तिथं ती जीव सोडते. अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यानंतरचा एकही शनिवार त्यांनी चुकवलेला नाही.

मास्तर हे आमच्यातले पट्टीचे थापेबाज. एक दिवस पोरांनी त्यांना धरलं, तुमचीच थाप दर वेळी खरी कशी वाटते? मास्तरांनी शिक्षकी पेशाला जागून धडाच दिला. पहिलं, गावाचं नाव घाला. ‘एका गावात’ म्हटलं की माणूस शंका घेतो, ‘इचलकरंजीत’ म्हटलं की मान डोलावतो. दुसरं, आकडा घाला. तिसरं, एक कंटाळवाणा तपशील घाला, कारण थापाड्या नेहमी रंगतदार बोलतो असं लोकांना वाटतं. चौथं आणि मोठं, समोरच्याला जे आधीपासून खरं वाटतं आहे, तेच त्याला सांगा.

हा चौथा धडा पोरांनी कुठं वापरला ते ऐका. आमच्या खानदानाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात एका सकाळी एका खालांनी संदेश टाकला. अमुक पाल्याचा रस सात दिवस प्यायला की साखरेचा आजार मुळापासून जातो. एका मोठ्या इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, तीनशे रुग्ण बरे झाले, सवाबच्या नियतनं पुढे पाठवा. धाकट्यानं मोबाइल पाहिला आणि ओरडला, “अब्बा, ही तर मास्तरांची चिठ्ठी!” गाव होतं, आकडा होता, सात दिवसांचा कंटाळवाणा तपशील होता आणि ज्याला साखरेच्या गोळ्यांचा कंटाळा आलाय त्याला हवं तेच सांगितलेलं होतं. थोरलीनं खालांना फोन केला. ग्रुपवर चारचौघांत नाही, फोनवर, अदबीनं. विचारलं, “खाला, हे डॉक्टर कोण? इस्पितळ कुठलं?” खालांना माहीत नव्हतं. त्यांनाही कुणी तरी पाठवलं होतं. पण बोलता बोलता एक गोष्ट बाहेर आली. त्यांनी चार दिवसांपासून गोळ्या बंद केल्या होत्या. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. अल्लाहचे आभार, वेळेत कळलं.

सूरह अल-हुजुरातमध्ये ताकीद आहे की भरवसा नसलेल्या माणसानं खबर आणली तर शहानिशा करा, नाहीतर न कळत कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल. ही आयत आम्ही किती वेळा वाचली असेल. पण शहानिशा म्हणजे काय करायचं, कुठला प्रश्न विचारायचा, हे आमच्या पोरांच्या अंगवळणी पडलं ते या चिठ्ठ्यांमुळे. आमच्या खेळात आणि व्हॉट्सॲपवरच्या खेळात फरक एवढाच की तिथं डबा उघडून खरी चिठ्ठी दाखवणारं कुणी नसतं.

इथपर्यंत लिहून हा मजकूर संपवता आला असता. खोटं ओळखायला शिकलो, शाबास. पण मागच्या महिन्यातल्या एका डावानं आमची ही शाबासकी काढून घेतली.

पाळी थोरलीची होती. तिनं नाव सांगितलं, ‘शेजारी’, मराठी, 1941. मास्तर म्हणाले, “नाव कानावर आहे, गोष्ट माहीत नाही.” आमचंही तेच. कुणाचाच हात वर गेला नाही. सात थापा आणि एक खरी, अशा आठ चिठ्ठ्या डब्यात पडल्या. थोरलीनं एकेक वाचायला घेतली. एकीत दोन बिऱ्हाडांचं नळाच्या पाण्यावरून भांडण होतं. एकीत पेन्शनीत निघालेले एक मामलेदार रोज भिंतीला कान लावून शेजारच्यांच्या गोष्टी ऐकत आणि वहीत टिपून ठेवत. एकीत शेजारच्या खोलीत रात्री कुणी तरी खणत असतं. आणि एकीत असं होतं: ‘गावात दोन म्हातारे शेजारी, एक हिंदू, एक मुसलमान. जिवाभावाचे दोस्त. धरण बांधणाऱ्या धनवंताला त्यांची एकी नडते, म्हणून तो दोघांत वितुष्ट आणतो. शेवटी धरण फुटतं तेव्हा दोघं एकमेकांचा हात धरून पाण्यात जातात.’

मतं पडली. नळाच्या भांडणाला चार, मामलेदारांना दोन, खणणाऱ्याला एक. दोन दोस्तांच्या चिठ्ठीला फक्त अम्मींचं मत.

थोरलीनं डबा बाजूला ठेवला आणि सांगितलं, “दादीला दोन गुण. तीच खरी.”

धाकटा म्हणाला, “असं कुठं असतं का? मला वाटलं शाळेच्या गॅदरिंगचं नाटक आहे.” थोरलीनं पुढचं सांगितलं. पुण्याच्या प्रभात कंपनीचा हा चित्रपट. दिग्दर्शन व्ही. शांताराम, कथा विश्राम बेडेकर. तो ‘पडोसी’ या नावानं हिंदीतही निघाला. मराठीत जिवबा पाटील झाले केशवराव दाते, हिंदीत ठाकूर झाले मझहर खान. दोन्हींत मिर्झा झाले गजानन जागीरदार. म्हणजे हिंदी चित्रपटात मुसलमानाचं काम हिंदू नटानं केलं आणि हिंदूचं मुसलमान नटानं. मास्तरांची नात म्हणाली, “ताई, आता मात्र तू थाप मारतेयस.” थोरलीनं मोबाइलवर नावं दाखवली, तेव्हा तिला पटलं.

खरा प्रश्न बेगमनी विचारला. “पोरांचं ठीक आहे. आपण मोठ्यांनी त्या चिठ्ठीला मत का नाही दिलं?”

आम्ही खरं ते सांगितलं. आम्हाला वाटलं की ती चिठ्ठी मास्तरांनी लिहिली असणार. आमच्या घरी बसलेत, आम्हाला बरं वाटावं म्हणून.

मास्तर आमच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “कमाल आहे. मला वाटलं ती तुम्ही लिहिली, आम्हाला बरं वाटावं म्हणून.”

वहिनींनी मान खाली घातली. बँकवाले दोस्त चहा ओतू लागले, कप भरलेले असतानाही. बावीस वर्षांचा शेजार आमचा. त्यांच्या घरच्या पुरणपोळ्या आमच्याकडे येतात, आमचा शीरखुर्मा तिकडे जातो. वहिनींचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री दवाखान्यात बेगम होत्या. आमच्या अब्बांचा जनाजा निघाला तेव्हा दाराशी आलेल्या माणसांसाठी खुर्च्या मास्तरांनी लावल्या होत्या. एवढं सगळं असून दोन शेजाऱ्यांच्या दोस्तीची गोष्ट समोर आली, तेव्हा दोघांनाही ती एकमेकांनी सौजन्यापोटी रचलेली वाटली. मास्तरांचा चौथा धडा आमच्यावरच उलटला होता. जे आधीपासून खरं वाटतं त्याला माणूस मत देतो. भांडण आम्हाला खरं वाटलं. भिंतीला कान लावणं खरं वाटलं. रोज कानांवर आणि मोबाइलवर जे पडतं त्यानं आमचं मत आधीच ठरवून टाकलं होतं, आणि ते आम्हाला कळलंही नव्हतं.

अम्मींना विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?” त्यांना हा सिनेमा माहीत नव्हता. त्या मास्तरांना म्हणून मराठीत म्हणाल्या, “यात न पटण्यासारखं काय होतं? आमच्या माहेरी लग्नाला सगळे गावाला जायचे तेव्हा घराची किल्ली शेजारच्या पाटलांकडे असायची. म्हशीची धारसुद्धा तेच काढायचे. तुम्ही लोक फार हुशार झालात. लबाडी लगेच ओळखता. चांगलं ओळखायला मात्र वेळ लावता.”

मास्तर एवढंच म्हणाले, “बरोबर आहे, चाची.”

त्या रात्री पुढचा डाव झाला नाही. पण पुढच्या शनिवारी थोरलीनं खेळात एक भर घातली आणि ती सर्वांनी मान्य केली. डाव संपल्यावर खरी गोष्ट सांगायची, हा जुना नियम. आता त्यानंतर प्रत्येकानं सांगायचं की आपण मत कुणाला दिलं आणि का दिलं. सुरुवातीला हे जड गेलं. थाप मारणं सोपं असतं, आपल्याला एखादी गोष्ट खरी का वाटली हे चारचौघांत सांगणं अवघड. पण अर्ध्या गप्पा आता त्यावरच होतात आणि भजी गार होतात.

तुम्हीही खेळून पाहा. खर्च काही नाही. कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या, एक डबा आणि पाच-सहा माणसं. सगळ्या चिठ्ठ्या पाळीवाल्यानंच वाचायच्या, म्हणजे अक्षरावरून कळत नाही. वाचण्यापूर्वी एकदा मनाशी वाचून घ्यायच्या, नाहीतर अडखळलं की थाप उघडी पडते. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला मत जरूर द्यायला लावा. आणि जमलं तर शेजारच्यांना बोलवा.

येत्या शनिवारी पाळी वहिनींची आहे. त्यांनी सिनेमा आधीच ठरवलाय आणि नाव कुणाला सांगत नाहीत. अम्मी मात्र तीनदा विचारून झाल्या, की मास्तरांचं घर किती वाजता येणार.